गाडी, बॉडी आणि बॅटरी : तिघींच्या जागा वेगळ्या

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : नागपूरला मानेवाडा भागात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर. घरात मी, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. माझ्याकडे रिमोटच्या चौदा गाड्या आहेत : १/१० चे (म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे) तीन शॉर्ट कोर्स ट्रक, दोन बग्ग्या, दोन क्रॉलर, दोन ड्रिफ्ट कार, १/२४ चे चार छोटे क्रॉलर आणि १/८ ची एक नायट्रो ट्रगी, म्हणजे बॅटरीऐवजी इंधनाच्या इंजिनावर चालणारी. सगळ्या दुसऱ्या बेडरूममध्ये पसरलेल्या आहेत. मार्चअखेर आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हिंगणघाटहून आमच्याकडे राहायला येणार, आणि ती खोली आता आईची. पत्नी म्हणते, सगळं माळ्यावर टाका. पण मागच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या दोन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या फुगल्या, त्यामुळे मन धजत नाही. सुतार म्हणतो, त्याच खोलीच्या एका भिंतीला आठ फूट रुंद, सात फूट उंच आणि दोन फूट खोल काचेचं कपाट करून देतो, ४५ हजारांत. खरं सांगायचं तर दिवाळीपासून पाचच गाड्या चालवल्या. पण एकही विकायला जीव होत नाही. कपाट करू, की पत्नीचं ऐकू?

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात दोनच पर्याय आहेत, सगळ्या गाड्या काचेत किंवा सगळ्या माळ्यावर. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की चौदा गाड्या म्हणजे एकसारख्या चौदा वस्तू आणि त्या एकाच ठिकाणी राहायला हव्यात. तसं नाही. एका गाडीतच तीन वेगळ्या वस्तू असतात. बॉडी हलकी, पातळ आणि बघण्यासारखी. खालची गाडी, म्हणजे चॅसिस, जड असते आणि तिला धूळ व ओल चालत नाही. बॅटरीला उष्णता चालत नाही, आणि घरात खरी काळजी घ्यायची ती तिचीच. या तिन्ही एकत्र ठेवल्या की जागा तिप्पट लागते आणि तिन्हींची आबाळ होते. वेगळ्या केल्या की तुमच्या घरात आत्ताच पुरेशी जागा आहे.

आधी कपाटाचं बघू, कारण पैसे त्यात जाणार आहेत. आठ फूट बाय दोन फूट म्हणजे जमिनीची सोळा चौरस फूट जागा. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, गोळ्या-औषधांचं टेबल आणि वॉकर वळवायला लागणारी मोकळी जागा धरा. या सोळा फुटांची अडचण आईंना रोज होईल. दोन फूट खोल कपाट सुताराने सांगितलं, कारण शॉर्ट कोर्स ट्रक साधारण ५६ सेंटिमीटर लांब असतो आणि तो नाक पुढे करून उभा करायचा तर तेवढं लागतंच. त्यात गाड्यांच्या मागचा, वरचा सगळा भाग रिकामाच राहतो.

दुसरं कारण कूलर. एप्रिल लागला की आईंच्या खोलीच्या खिडकीला कूलर लागेल, आणि लागायलाच हवा. कूलरची हवा ओली असते. काचेच्या दारांच्या फटीतून ती आत शिरते आणि तिथेच थांबते. पावसाळ्यापर्यंत बेअरिंग खरखरायला लागतात, स्क्रूंची डोकी तांबूस होतात, कपाटाची पाठ एमडीएफची असली तर खालच्या कडेला फुगते. कपाट करायचंच असेल तर पुढे कधीतरी हॉलमध्ये, चौदा इंच खोल, गाड्या आडव्या ठेवण्यासाठी करा. आत्ता नको.

माळ्याबद्दल तुमच्या पत्नी अर्ध्या बरोबर आहेत. रिकामी खोकी, न वापरलेले प्लॅस्टिकचे सुटे भाग, जुने ट्रॅकचे पाइप हे सगळं माळ्यावर खुशाल जाऊ द्या. पण वरच्या मजल्याचा माळा म्हणजे तापलेल्या स्लॅबला चिकटलेली जागा. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस, तर दरवर्षी येतो. खोलीत पंख्याखाली आपल्याला जे जाणवतं त्याहून माळ्यावर कितीतरी जास्त तापतं, आणि रात्रीही लवकर निवत नाही. तुमच्या दोन बॅटऱ्या फुगल्या त्यात नवल नाही. बहुधा त्या पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या होत्या. भरलेली लिपो आणि उष्णता ही जोडी आतल्या रसायनाचं विघटन वेगाने करते, वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं.

म्हणून सुरुवात बॅटऱ्यांपासून करा, या रविवारीच. लिपोच्या एका सेलचा पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट असतो. ठेवणीतला आकडा ३.८ ते ३.८५. म्हणजे दोन सेलच्या, आपण ज्याला टूएस म्हणतो त्या बॅटरीला ७.६ ते ७.७ व्होल्ट. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचा मोड असतो. तो लावला की जास्त असेल तर उतरवतो, कमी असेल तर भरतो. तीन-चार दिवसांत गाडी चालवायची नसेल तर हा मोड लावल्याशिवाय बॅटरी आत ठेवायची नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर त्याला पुन्हा उठवायच्या भानगडीत पडू नका. निकेल-मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या असतील तर त्यांना आगीची धास्ती कमी, पण त्या पडून राहिल्या की आपोआप उतरतात. दोन महिन्यांतून एकदा चार्ज करून ठेवल्या की झालं.

ठेवायच्या कुठे? घरातली सगळ्यात थंड जागा शोधा, म्हणजे आतली भिंत आणि जमिनीलगत. पश्चिमेची भिंत नको, गॅस सिलिंडरजवळ नको, पडद्याखाली नको, बाहेर पडायच्या दाराच्या वाटेवर नको, आणि आईंच्या किंवा कुणाच्याच पलंगाखाली नको. इतवारी बाजारात मिळते तशी लहान लोखंडी पेटी घ्या, फरशीवर थेट ठेवा, लाकडी फळीवर नाही. प्रत्येक बॅटरी लिपो बॅगेत, म्हणजे आगीला तोंड देणाऱ्या खास पिशवीत, कनेक्टरला टोपी किंवा निदान चिकटपट्टी, आणि बॅटऱ्या एकीवर एक रचायच्या नाहीत. पेटीचं झाकण हवाबंद असता कामा नये. रबरी पट्टी असेल तर काढून टाका, कारण आत काही बिघडलंच तर वायूला वाट हवी, नाहीतर पेटीच फुटते. पेटीला कुलूप लावा. मुलगा नऊ वर्षांचा आहे. या वयात कुतूहल फार आणि दोन तारा एकमेकींना टेकवायला वेळ लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर त्यावर पाणी जमतं, आणि तिथे घरचं अन्न असतं.

चार्जिंग जागेपणीच, हॉलमध्ये फरशीवर, बॅलन्स मोडमध्ये, म्हणजे सगळे सेल सारखे भरतील असं. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरच्या वर जाऊ नका. मातीची कुंडी आडवी करून त्यात बॅटरी ठेवली तर फार बरं.

त्या दोन फुगलेल्या बॅटऱ्या अजून घरात असतील, तर त्यांना टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्ज करू नका. कनेक्टरवर चिकटपट्टी लावून वाळूच्या बादलीत, गॅलरीत सावलीला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणेही बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, आणि घंटागाडीत दाबली गेलेली लिपो पेट घेऊ शकते. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. त्याचा भरवसा नाही. पाण्याने टोकं गंजतात, बाहेरून बॅटरी मेल्यासारखी दिसते आणि आत वीज शिल्लक राहते.

आता बॉडी. गाडीची शोभा त्यातच आहे आणि वजन पाहिलं तर दीड-दोनशे ग्रॅम. भिंतीवर बॉडी टांगायला कपाट लागत नाही. करायचं असं : चॅसिसवर बॉडी पोस्ट, म्हणजे बॉडी अडकवायचे उभे खांब असतात. त्यांच्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद हलकेच दाबा, चारही पोस्ट कागदातून वर येतील. हा झाला तुमचा साचा. तो १२ मिलिमीटरच्या प्लायवर ठेवून कर्णरेषेतल्या फक्त दोन भोकांच्या खुणा करा, दोन पुरतात. तिथे ६ मिलिमीटरची लाकडी काडी, म्हणजे डॉवेल, किंवा जुने सुटे बॉडी पोस्ट बसवा, बॉडीच्या भोकांतून ते बाहेर आले की नेहमीची क्लिप लावा. बॉडी भिंतीला पोट लावून छत बाहेर करून बसते, आणि शॉर्ट कोर्सची बॉडीसुद्धा साधारण सहा इंचांहून जास्त पुढे येत नाही. पोस्टची उंची मूळ गाडीइतकीच ठेवा. कमी ठेवली तर बॉडीच्या कडा प्लायवर टेकून वाकतात, आणि चाकांच्या कमानीजवळ, जिथे बॉडीचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलीकार्बोनेट, सर्वांत पातळ असतं, तिथून तडा सुरू होतो.

जागा निवडताना थेट ऊन टाळा. उन्हाने पॉलीकार्बोनेट वितळणार नाही, पण बॉडीच्या खिडक्यांचा पारदर्शक भाग पिवळा पडतो आणि स्टिकरच्या कडा सुटतात. पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि सुती कापड. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर याचा थेंबही नको. बॉडीवर केसासारख्या चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत. एकाच प्रकारच्या जास्तीच्या बॉड्या असतील तर जुन्या सुती साडीचा तुकडा मध्ये घालून एकीत एक बसवा.

चॅसिसची गोष्ट जरा जास्त विचाराची. बॉडी काढली की शॉर्ट कोर्स ट्रकची उंची साधारण पाच-सहा इंच उरते. तो नाक वर करून, तळ भिंतीकडे ठेवून उभा केला, तर भिंतीवर ३० बाय ५६ सेंटिमीटर जागा घेतो आणि खोलीत जेमतेम सहा इंच पुढे येतो. पण हे सहा इंच बोळात नकोत. आई वॉकर घेऊन जाणार, कोपराला टायर लागणार. जिथे खाली जमीन आधीच गुंतलेली आहे तिथे लावा : मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाच्या वर आणि चपलांच्या रॅकच्या वर. टेबलावरच्या चार फुटांत तीन ट्रक, रॅकवरच्या दोन-अडीच फुटांत दोन बग्ग्या. पाच गाड्यांची सोय झाली आणि जमिनीचा एक इंचही गेला नाही.

टेबलावरची फळी अशी : दोन फूट बाय चार फूट, १२ मिलिमीटर प्लाय. खालच्या कडेला दोन इंच रुंद पट्टी, तिच्या पुढच्या कडेला एक इंचाची उभी पट्टी, आत जुन्या योगा मॅटचा तुकडा. गाडीचा मागचा बंपर त्यावर टेकतो. वरच्या भागात प्लायला दोन चिरा पाडून त्यातून एक इंची वेल्क्रो पट्टा काढा आणि चॅसिसच्या मधोमध बांधा. पट्टा वायर किंवा फिरत्या शाफ्टवरून जाऊ देऊ नका. बॉडी पोस्ट, सस्पेन्शनचे हात यांच्यावर गाडी कधीच टांगायची नाही. महिन्याभरात प्लॅस्टिक वाकतं आणि मग गाडी एका बाजूला ओढते. बग्गीचा मागचा पंख क्लिपा काढून आधी उतरवा, नाहीतर सगळं वजन त्यावर येतं.

खिळ्यांवर हे भागणार नाही. रिकाम्या गाडीचं वजन अडीच किलोच्या आसपास, प्लायचं पाच-साडेपाच किलो, म्हणजे तीन गाड्या धरून एका फळीवर तेरा किलो. सहा स्क्रू पुरतात, पण ते विटेत जायला हवेत. इथेच बहुतेक फळ्या फसतात. प्लाय १२ मिलिमीटर, प्लास्टर पंधराच्या आसपास, आणि ६ मिलिमीटरची गिट्टी, म्हणजे भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी, तीस मिलिमीटर लांब. बेरीज ५७. दीड इंची स्क्रू विटेत जेमतेम सेंटिमीटरभर जातो आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडा घेऊन खाली येतो. आठ नंबरचा अडीच इंची स्क्रू घ्या. ड्रिल करताना भोकातून काय पडतं तेही बघा. लाल भुकटी आली तर वीट, निश्चिंत राहा. पांढरट, हलकी, पिठासारखी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यातून जावं तसं गेलं, तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिथे साधी गिट्टी फिरते, ब्लॉकसाठीची वेगळी नायलॉन गिट्टी मागून घ्या. फळीला भोकं पाडण्याआधी भिंतीतून वायर कुठून गेली आहे तेही बघून घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावायचं नाही.

उभी करण्याआधी प्रत्येक गाडी दोन दिवस वर्तमानपत्रावर तशीच उभी ठेवून बघा. कागदावर तेलाचा डाग पसरला तर शॉकची किंवा डिफरन्शियलची ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलेली आहे. ती बदला, मगच भिंतीवर चढवा.

साफसफाई नागपूरच्या मातीत मन लावून करावी लागते. मुरमाची लाल धूळ कोरड्या ब्रशने निघते. काळी माती ओली असताना चिकटलेली असेल तर पूर्ण वाळू द्या, मग ब्रश, मग ब्लोअर. घाईत नळाखाली धरलं की ती बेअरिंगमध्ये शिरते. शेवटी बेअरिंगला हलक्या तेलाचा एकेक थेंब.

ज्या गाड्या आडव्या राहतील त्यांचे टायर जमिनीला टेकलेले नकोत. आत फोम असलेला मऊ टायर महिनोन्महिने एकाच जागी दबला की तिथे चपटा होतो आणि गाडी चालवताना थरथरते. शिवाय टायरचा काळा डाग पांढऱ्या सनमायकावर बसतो तो निघत नाही. चॅसिसखाली लाकडी ठोकळा ठेवा. टायरखालून वर्तमानपत्राचा कागद सहज सरकला की उंची बरोबर.

दोन ड्रिफ्ट कार आणि दोन मोठे क्रॉलर हे बॉडीसकट बघण्यासारखे. क्रॉलरची कडक बॉडी काढून टांगण्यात अर्थही नाही. हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर क्रॉलर, मधल्या एका कप्प्यात ड्रिफ्ट कार. चार छोट्या क्रॉलरसाठी हॉलच्या दाराच्या चौकटीवर तीन फूट लांब, सहा इंच खोल फळी बसवा. एकेक गाडी साधारण वीस सेंटिमीटर, चारही आडव्या, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर. पुढे एक इंचाची पट्टी विसरू नका, दार आपटलं की गाड्या पुढे सरकतात.

रिमोट लवकर आटपतो : सगळ्यांतले सेल काढा, कारण गळालेल्या सेलने आतल्या पट्ट्या खराब होतात. मग दाराच्या मागे टांगायच्या कापडी, कप्प्याकप्प्यांच्या चपलांच्या पिशवीत एकेक.

राहिली नायट्रो ट्रगी. हिच्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. दिवाळीपासून चालवलेल्या पाचांमध्ये तुम्ही ती धरली आहे की नाही, ते पत्रातून कळत नाही. चालवत असाल, तर ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करा, इंजिन बंद पडेपर्यंत उरलेलं इंधन जाळा, ग्लो प्लग (इंजिनाच्या डोक्यावरचा, इंधन पेटवणारा प्लग) काढून तिथे आणि कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे, म्हणजे इंजिन ठेवणीत गंजू नये म्हणून घालायच्या तेलाचे, चार-पाच थेंब घाला, फ्लायव्हील हाताने काही वेळा फिरवा आणि पिस्टन वरच्या टोकाला अडकलेला ठेवू नका. या इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं; हे केलं नाही तर पावसाळ्यानंतर इंजिन जाम होतं. ही गाडी उभी करायची नाही, घातलेलं तेल बाहेर येतं. ट्रगी चाकांसकट ६० बाय ४० सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये मावत नाही, पण १७ मिलिमीटरचे नट काढून चाकं वेगळी केली की आरामात बसते. चाकं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून टांगा. क्रेट गेला तुमच्या कपड्यांच्या कपाटाच्या तळाला.

इंधन मात्र घरात ठेवू नका. मिथेनॉल साध्या खोलीच्या तापमानालाच पेटण्याजोगी वाफ सोडतं, आणि प्यायलं गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. ज्या घरात नऊ वर्षांचं मूल आणि अर्धवट झोपेत पाण्याची बाटली शोधणारी आजारी आई असणार, तिथे इंधन पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं तर कुठल्याही परिस्थितीत नको. चालवायला जाल त्या दिवसापुरतं मित्राच्या गॅरेजवरून आणा, उरलेलं तिथेच ठेवा. हे जमणार नसेल तर चौदांमधली हीच एक गाडी विकायचा विचार करा. बाकीच्या तेरांसाठी तुम्हाला जीव कठोर करायची गरज नाही.

आईंच्या पलंगाबद्दल एक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उठायला-बसायला उंच पलंग लागतो. किती उंच ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पलंग उंच झाला की खाली चांगली दहा-अकरा इंच जागा दिसेल आणि तिथे ट्रॉली सरकवायचा मोह होईल. ती जागा रिकामीच ठेवा. रात्री त्यांचा पाय, वॉकरची टोकं आणि चप्पल तिथेच जाणार. ट्रॉली करायचीच असेल तर स्वतःच्या पलंगाखाली करा.

खर्चाचा अंदाज सुताराकडूनच घ्या : दोन फळ्या, एक बॉडीची पाटी, दाराच्या चौकटीवरची एक फळी. आणि काम करवून घेताना त्या टेबलाच्या वरची फळी मुलाच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीला नको. तो खुर्चीवर बसला की डोक्याच्या वर हातभर मोकळी राहू द्या.